शेवाळाची ओळ

रविवार, ११ मे २०२५. सकाळी सात वाजून दहा मिनिटे. चन्नम्माच्या दारात परत आलेले बासुंदीचे कप: तीनशे बारा.

हा आकडा मी स्वतः मोजलेला आहे. टेंपोवाल्याने खोकी उतरवून ठेवली तेव्हा चन्नम्मा उंबऱ्यात बसून होती आणि मोजण्याच्या मनःस्थितीत नव्हती. तिचे घर माझ्या घराला लागून आहे. मी खुर्ची बाहेर ओढली, खोकी एकेक करून उघडली आणि कप मोजले. एकाही कपाचे झाकण उघडलेले नव्हते. नासलेली बासुंदी परत येते तेव्हा निदान कोणीतरी तिची चव घेतलेली असते. या कपांना कोणी हातच लावलेला नव्हता.

आदल्या संध्याकाळी वळसंगला गुरुसिद्धप्पांच्या नातीचा साखरपुडा होता. गुरुसिद्धप्पा आमच्या गल्लीतले वडीलधारे गृहस्थ. शेती वळसंगला, राहणे सोलापुरात. गल्लीत कोणाच्या घरी काय आणायचे आणि कोणाकडून आणायचे, हे त्यांच्या घरी काय आले त्यावर ठरते. साखरपुड्याची बासुंदी त्यांनी चन्नम्माकडून घेतली होती आणि पुढच्या रविवारी, अठरा तारखेला, लग्नासाठी बाराशे कप सांगितले होते. ते बाराशे गेले की त्यामागे आणखी चार घरची कार्ये येणार होती. ती मागणी परत फिरली तर चन्नम्मा, तिची जाऊ आणि कामाला येणाऱ्या दोघी बायका पुन्हा टॉवेलच्या कारखान्यात काठ शिवायला जाणार होत्या. तिथून त्या दोन वर्षांपूर्वी फार कष्टाने बाहेर पडल्या होत्या.

बासुंदी परत येण्याचे कारण म्हणजे कपावरची एक ओळ. ती ओळ मी लिहिली होती.

मी अडतीस वर्षे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरी आणि टॉवेल छापण्याच्या कारखान्यात प्रिंटिंग मास्तर होतो. तंत्रनिकेतनातून वस्त्ररसायनाची पदविका घेतली आणि सरळ त्या कामात शिरलो. छपाईत रंगापेक्षा त्याचा दाटपणा सांभाळणे अवघड असते. रंग पातळ असेल तर फुलाची पाकळी पानात पसरते. फार दाट असेल तर कापडात उतरत नाही. रंग जिथे ठेवला तिथेच राहावा म्हणून त्यात गम घालतात, आणि आमच्या कामाचा गम समुद्रातल्या तपकिरी शेवाळापासून निघतो. ज्या खोलीत तो घोटला जातो तिला आम्ही किचनच म्हणत असू. त्या किचनचा माझा एकच नियम होता: डब्यात जे आहे तेच डब्यावर लिहिलेले पाहिजे. नाव नसलेली बादली दिसली की मी ती ओतून टाकायला लावत असे, मग त्यात काहीही असो.

गेल्या उन्हाळ्यात चन्नम्मा कप घेऊन माझ्याकडे आली. अक्कलकोटला पोचेपर्यंत तिच्या बासुंदीची वर साय आणि खाली पाणी अशी फारकत होत होती. त्रेचाळीस अंशांत, टेंपोच्या हिसक्यांत, दुसरे काय होणार? लोक म्हणत, दुधात पाणी घातले. तिने पाणी घातले नव्हते. मला हा दाटपणाचाच प्रश्न दिसला. दुधासाठी लाल शेवाळाचा गम लागतो. त्याला कॅराजिनन म्हणतात. रामेश्वरच्या बाजूला समुद्रात दोरांना बांधून ते शेवाळ वाढवतात. अन्नखात्याच्या यादीत तो मान्य आहे. आइस्क्रीमच्या कपात, चॉकलेटच्या दुधात, क्रीमच्या खोक्यात तो असतो आणि आपण तो न विचारता खातो. खाण्याच्या प्रतीची, प्रमाणपत्रासह आलेली पुडी मी पुण्याहून मागवून दिली. वीस लिटर दुधाला सहा ग्रॅम. आधी साखरेत कोरडा मिसळायचा, नाहीतर गुठळ्या होतात. चन्नम्मा ते एका दिवसात शिकली. त्यानंतर बासुंदीची फारकत झाली नाही.

मग लेबल छापण्याची वेळ आली. कायद्याने तिथे नाव लिहा किंवा नुसता नंबर लिहा, दोन्ही चालते. छापखानेवाला म्हणाला, सगळे नंबरच टाकतात. मी ऐकले नाही. खाणारा माणूस नंबर वाचत नाही, शब्द वाचतो, असे मी त्याला सांगितले आणि माझ्या हाताने ओळ लिहून दिली: “घट्टपणासाठी: समुद्री शेवाळापासून काढलेला कॅराजिनन (४०७).” आजही ती ओळ मला योग्यच वाटते.

साखरपुड्यात ती नवनाथने वाचली.

नवनाथ आमच्यापासून चार घरे सोडून राहतो. तो माझ्याच हाताखाली तयार झालेला, किचनमध्ये गम घोटणारा गमवाला. अजून त्याच कारखान्यात आहे. पंगतीत त्याने कप हातात घेतला, ओळ मोठ्याने वाचली आणि म्हणाला, हा तर आमचा चादरीवर छापायचा गम. पंगत हसली. कोणीतरी मोबाइलवर ते टिपले. जेवणे उरकायच्या आत ते दृश्य गावभर फिरले होते, आणि त्याच्याखाली कोणा शहाण्याने लिहिले होते की चन्नम्मा कारखान्यातल्या पोत्यातला गम चोरून बासुंदीत घालते.

मी कप मोजून झाल्यावर उठलो आणि नवनाथकडे गेलो. रविवारची सुटी असल्यामुळे तो घरीच होता. मला पाहून उभा राहिला, कारण ती सवय त्याची सुटलेली नाही.

“मी काय खोटं बोललो व्हय मास्तर?” मी विचारण्याच्या आधीच तो म्हणाला. “गम शेवाळाचा असतोय, हे तुमीच शिकवलं की.”

मी त्याला विचारले की बियाण्याच्या पिशवीतली, औषध लावलेली ज्वारी आणि भाकरीची ज्वारी एकच का.

नवनाथ म्हणाला, “बियाण्याच्या ज्वारीची भाकर कोण खाईल?”

मग मी त्याला सांगितले की शेवाळेही अनेक असतात आणि गमही. आपल्या पोत्यातला गम कापडासाठी काढलेला असतो. तो कोणी खावा म्हणून शुद्ध केलेला नसतो. चन्नम्माच्या पुडीतला वेगळ्या शेवाळाचा आणि खाण्यासाठी तयार केलेला आहे. नवनाथ हुशार आहे. त्याला ते एका वाक्यात कळले, आणि त्यामुळेच मला जास्त राग आला. एवढेच जर कळायचे होते तर ते शंभर माणसांसमोर बोलण्याच्या आधी कळले असते. मी त्याला म्हटले की जिथे ते चित्र फिरते आहे तिथेच आत्ता हे सांग.

“आता कोण ऐकतंय मास्तर? लई फुडं गेलं ते.” त्याने मान खाली घातली. “लोकं हसली म्हून बोललो. चन्नक्काचं वाईट करायचं न्हवतं माज्या मनात.”

तेवढ्यात त्याच्या बायकोने मला पाणी आणून दिले. ते तिने दारातल्या निळ्या पिंपातून काढले होते. आमच्या भागात नळाला पाचव्या दिवशी पाणी येते, त्यामुळे प्रत्येक घराच्या दारात पिंप असते. तांब्या हातात घेऊन मी त्या पिंपाकडे पाहिले. अंगावरचा कागद खरवडून काढलेला होता, पण खालचा एक कोपरा शिल्लक होता. तो कोपरा मी अर्धे आयुष्य पाहिलेला आहे. छापलेला रंग धुताना निघू नये म्हणून शेवटी कापडाला जे फिक्सर देतात, त्याचे ते पिंप होते. आमच्याकडे येणाऱ्या त्या फिक्सरमध्ये फॉर्मलीन असे. शाळेच्या प्रयोगशाळेत बरणीतला बेडूक ज्यात बुडवून ठेवतात, तेच.

मी तांब्या खाली ठेवला.

“सोड्यानं तीनदा धुतलंय की,” नवनाथ म्हणाला. “समद्या गल्लीला मीच आणून दिलीत. कारखान्यात नुसती पडून असत्यात.”

मी बाहेर आलो आणि गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेलो. घराघरासमोर निळे पिंप होते, प्रत्येकाचा कागद खरवडलेला. आतमध्ये काय होते याचा मागमूस कोणीच ठेवलेला नव्हता. ज्या घरांनी रात्री ते चित्र पाहून तोंड वाकडे केले असेल, त्याच घरांनी सकाळी या पिंपातल्या पाण्याने चूळ भरली होती. मुले त्याच पाण्याने भरलेल्या बाटल्या घेऊन खेळायला चालली होती. त्या क्षणी कोणाचेही नाव न घेता मला संपूर्ण गल्लीचा राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

परत आलो तेव्हा चन्नम्मा आणि तिची जाऊ कप फोडून गटारीत ओतत होत्या. मी म्हटले, बासुंदी चांगली आहे, ओतू नका. तिने मान वर केली नाही. बासुंदी कपातून बाहेर पडताना मी पाहत होतो. दुसरा दिवस उजाडलेला होता, ऊन चढले होते, आणि तरी एकाही कपात पाणी सुटलेले नव्हते. वरपासून खालपर्यंत एकसारखी दाट धार पडत होती. इतके चोख काम मी गटारीत जाताना कधी पाहिलेले नाही.

संध्याकाळी पाच वाजता गुरुसिद्धप्पांनी आम्हांला ओसरीवर बोलावले. गल्लीतली दहा-बारा माणसे होती. नवनाथ खांबाला टेकून उभा होता. चन्नम्मा पायरीवर बसली, खुर्ची दिली तरी वर आली नाही. मी येताना गल्लीच्याच दुकानातून एक आइस्क्रीमचा कप, चॉकलेटच्या दुधाचे खोके आणि क्रीमचा डबा विकत घेऊन आलो होतो. मी त्या तिन्ही वस्तू त्यांच्यासमोर ठेवल्या आणि मागची बारीक अक्षरे वाचायला सांगितली. तिन्हींवर ४०७ होता. एकावर त्याच्या शेजारी आणखी दोन नंबर होते. ज्यांच्या घरी मागच्याच आठवड्यात वाढदिवसाला हे आइस्क्रीम वाटले गेले, त्यांची नावे मी घेतली नाहीत. ते समोरच बसले होते.

गुरुसिद्धप्पांनी चष्मा लावून तिन्ही वाचले. ते अडाणी नाहीत, हे मला मुद्दाम सांगायचे आहे. त्यांना सगळे समजले.

“ती कंपनी हाय मास्तर,” ते म्हणाले.

मी म्हणालो, कंपनीचे शेवाळ वेगळ्या समुद्रातून येत नाही. मी असेही सांगितले की या गमाबद्दल अभ्यासकांत वाद आहे. तो काहींच्या पोटाला मानवत नाही असे म्हणणारे आहेत, आणि कोणाला तो वाद करायचा असेल तर मी रात्रभर बसायला तयार आहे. कोणालाही तो वाद करायचा नव्हता. गम पोटात गेला तर काय होईल, हा प्रश्न एकानेही विचारला नाही. त्यांना फक्त एवढेच नको होते की पाहुण्यांनी त्यांच्या मांडवात ती ओळ वाचावी आणि हसावे.

तेव्हा मी पिंपांचा विषय काढला. तो काढताना माझा तोल गेला होता, हे मान्य करतो. मी म्हणालो की जे लोक मेलेला बेडूक टिकवायच्या औषधाच्या पिंपातले पाणी पितात, त्यांनी सहा ग्रॅम शेवाळाला नाक मुरडू नये.

गुरुसिद्धप्पांनी पहिल्यांदाच आवाज चढवला.

“पाणी पाचव्या दिवशी येतंय. कशात भरायचं? वंजळीत?”

मागून कोणीतरी म्हणाले की मास्तरांच्या गच्चीवर पक्की टाकी आहे, त्यांना काय जातंय बोलायला. ते खरे होते. माझ्या गच्चीवर टाकी आहे. ते खरे असल्याने राग कमी होईल असे मला वाटले होते, तसे काही झाले नाही. उलट, पाच-पाच दिवस लोकांना कोरडे ठेवणाऱ्यांपासून ते माझ्यापर्यंत सगळे त्या रागाच्या टप्प्यात आले.

चहा आला. तो पिऊन झाल्यावर गुरुसिद्धप्पांनी चन्नम्माकडे वळून जे सांगितले ते शांतपणे, समजुतीने सांगितले. तिची बासुंदी चांगली आहे, घरच्यांना आवडते, लग्नात तिचीच हवी. बाराशेची मागणी कायम. फक्त कपावरची ती शेवाळाची ओळ काढायची.

“कंपनी लिवतीया तसं लिव,” ते म्हणाले. “नुसता नंबर. कोन इचारतंय नंबराला?”

मी उभा राहिलो. गम काढून टाकायला सांगितला असता तर मी समजू शकलो असतो. त्यांना गम चालत होता. त्यांना तो ठाऊक असणे चालत नव्हते. ज्या बाईने शब्दांत लिहिले तिचा माल गटारीत आणि ज्यांनी आकड्यात लपवले त्यांचा माल फ्रिजमध्ये, आणि हा न्याय सगळी ओसरी मान डोलावून मान्य करत होती. मी चन्नम्माला म्हणालो की ती ओळ काढू नकोस, आपण दुसरीकडे गिऱ्हाईक शोधू.

तिने पायरीवरूनच मला विचारले, “नंबर खराच हाय न्हवं काका?”

“खरा आहे.”

“मग खोटं कुटं लिवायचंय?”

मी म्हणालो, खोटे काही नाही. पण वाचणाऱ्याला कळणार नाही.

“तुमची ओळ खरी होती काका,” ती म्हणाली. “वाचणाऱ्याला कळली बी. कप माझे परत आले.”

मग तिने गुरुसिद्धप्पांना सांगितले, “चालतंय आप्पा. नंबर छापते,” आणि पायरीवरून उठली. नवनाथ तिच्या मागे दोन पावले गेला, काहीतरी पुटपुटला. तिने वळून पाहिले नाही.

सोमवारी मी तिच्याबरोबर छापखान्यात गेलो. मी जाणार नव्हतो. पण तिने नंबर चुकीच्या जागी छापून आणला असता तर पुन्हा कोणीतरी बोट ठेवले असते, म्हणून गेलो. नमुन्याच्या कागदावर ती ओळ मीच खोडली आणि तिच्या जागी लिहिले: “स्थिरकारक (४०७).” छापखानेवाला म्हणाला की त्याने तेव्हाच सांगितले होते. मी त्याला पेन परत दिले आणि काही बोललो नाही, कारण बोललो असतो तर काम तिथेच थांबले असते.

परतल्यावर चन्नम्माने मला तिच्या घरामागे नेले आणि आपले निळे पिंप दाखवले. बासुंदीच्या कामाला ती नळाचे ताजे पाणी स्टीलच्या टाकीत घेते. हे घरच्या पिण्याचे होते. “आमचं पिंप बघा की काका, कशाचं हाय?” मी टॉर्च लावून आत पाहिले, तळाशी वास घेतला, बुडावरचे उठावाचे अक्षर वाचले. तेच होते. तिने जावेच्या मदतीने ते तिथल्या तिथे उलटे केले आणि गल्लीच्या कोपऱ्यावर, कचऱ्याच्या जागी, नेऊन ठेवले. गल्लीतले तेवढे एकच पिंप माझ्या बोलण्याने हलले. दुपारी मी किराणा आणायला बाहेर पडलो तेव्हा ते कोपऱ्यावर नव्हते. तीन घरे पलीकडे, दुसऱ्याच्या दारात, आणखी एका निळ्या पिंपाच्या शेजारी ते उभे होते, आणि एक बाई त्यात सोडा टाकून आतून घासत होती. मी तिला पिंपाचा इतिहास सांगितला. तिने तो ऐकून घेतला, ‘व्हय का’ म्हणाली आणि घासत राहिली. त्या दिवशी आमच्या नळाचा पाचवा दिवस होता.

चन्नम्मा, जाऊ आणि दोघी बायका शुक्रवारपासून राबल्या. दूध तेच, साखर तीच, गम तोच आणि तेवढाच. मापून मीच दिला. शनिवारी कप भरले, थंड केले आणि रविवारी सकाळी टेंपोत चढवले. गुरुसिद्धप्पांच्या आग्रहामुळे मीही वळसंगला गेलो. मांडवात पंखे फिरत होते तरी पत्रा तापलेला होता. पंगती बसल्या. मी कडेला उभा राहून लोक कप उचलताना पाहत होतो. काहींनी कप फिरवून मागची बाजूही पाहिली, कारण मागच्या आठवड्यातले ते चित्र त्यांच्या मोबाइलमध्ये अजून असणार. नंबर दिसला. त्यांनी झाकण काढले आणि खाल्ले. दोन बायका आपापसात म्हणत होत्या की बरे झाले, आप्पांनी तिला तो गम बंद करायला लावला.

नवनाथ दुसऱ्या पंगतीला होता. मी जवळून जाताना त्याने कप किंचित वर धरला आणि हळूच विचारले, “तोच हाय न्हवं मास्तर?”

“तोच.”

त्याने इकडेतिकडे पाहिले. “मग गप खातो,” असे म्हणून त्याने चमचा बुडवला, आणि संपल्यावर आणखी एक मागून घेतला.

जेवणे झाल्यावर गुरुसिद्धप्पा माझ्याजवळ आले. बासुंदी फार छान होती, असे सगळे म्हणताहेत, असे त्यांनी सांगितले. मी त्यांना विचारले की आप्पा, यात शेवाळ आहे हे मी आत्ता मांडवाच्या माइकवरून सांगू का. ते हसले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले की तुम्ही फार साधे आहात. मी त्यांचा हात खांद्यावरून काढला. चन्नम्मा पलीकडे रिकामी खोकी एकात एक घालत होती आणि आमच्याकडे पाहत होती. तिच्या पाहण्यात विनंती होती, आणि तेवढ्यासाठी मी माइककडे गेलो नाही.

मी टेंपोपाशी जाऊन उभा राहिलो आणि मोजणीला लागलो. गेलेले कप: बाराशे. परत आलेले: शून्य.